मदत हवी आहे: लिंबावर लाल पट्ट्यांचा कोळी, तातडीने सांगा

श्रावणसर:
बाल्कनीतल्या लिंबावर चार दिवस हा कोळी ठाण मांडून बसलाय. मुलगी तीन वर्षांची, दिवसभर तिथेच घुटमळते. काय मारू? "कोळी उपयुक्त असतात" हे भाषण कृपया नको. दुपारच्या आत सांगा.

कुंडीबहाद्दर:
फोटो?

श्रावणसर:
चढत नाहीये.

कुंडीबहाद्दर:
मग रंग, आकार, जाळं आहे की नाही, काहीतरी सांगा. "हा कोळी" म्हणजे आम्ही काय समजायचं?

आबा_रत्नांग्री:
पानं दुमडली आहेत का? मग नागअळी. निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा. तीस वर्षं लिंबं लावतोय.

कुंडीबहाद्दर:
आबा, त्या कोळी म्हणतायत. आणि नागअळी असती तर पानावर रुपेरी नागमोडी रेघा दिसल्या असत्या.

आबा_रत्नांग्री:
रेघा दिसेपर्यंत थांबायचं का मग?

श्रावणसर:
अळी नाहीये हो! नखाएवढा कोळी. अंग पिवळट पांढरं, पोटावर दोन लाल पट्टे, पेनने ओढल्यासारखे सरळ. जाळं नाही, पण दोन पानं पांढऱ्या धाग्यांनी चिकटवून आत बसतो. बोट नेलं तर पळायचं सोडून गर्रकन वळून आपल्याकडे बघतो. त्याचीच जास्त भीती वाटते.

अष्टपाद:
हे आधी सांगायचं ना. वर्णनावरून टेलामोनिया डिमिडिआटा वाटते, उड्या मारणाऱ्या कोळ्यांपैकी. तो नव्हे, ती. नर काळपट असतो, अंगावर पांढऱ्या खुणा आणि डोळ्यांभोवती लाल केस. मादी साधारण एक सेंटिमीटरची. भारतापासून इंडोनेशियापर्यंत झाडाझुडपांवर राहते. भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, दबा धरून झेप घेते. झेपेआधी धागा पानाला चिकटवते, म्हणजे नेम चुकला तरी लटकून परत वर. डोळे आठ, त्यातले पुढचे मधले दोन मोठे. बघते म्हणजे खरंच बघते. चिकटवलेली पानं हा तिचा निवारा, आत अंडी असू शकतील. माणसाला धोका नाही. पण "काय मारू"पर्यंत का गेलात? मुलीला चावली का?

श्रावणसर:
नाही. नणंदेने फॅमिली ग्रुपवर टाकलंय, हाच कोळी, हेच पट्टे. कमोडच्या सीटखाली लपतो, अमेरिकेत बायका दगावल्या, "सर्वांना पाठवा". खाली डॉक्टरचं नावही आहे.

अष्टपाद:
हाहा, ती अफवा अजून फिरतेय? १९९९ साली ईमेलवर आली तेव्हा कोळ्याचं नावच बनावट होतं आणि शिकागोचा म्हणून दिलेला विमानतळही. २००२ मध्ये गोष्ट तीच ठेवून या खऱ्या कोळ्याचं नाव चिकटवलं. बिचारी पानावर राहणारी, कमोडखाली काय करेल?

मालवणचो_झील:
अवांतर: आमच्या आंब्यावर तांबड्या मुंगळ्यांसारखाच दिसणारा कोळी आहे. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालतो, हात लावला की धाग्यावर खाली लोंबकळतो. मुंगळा असं करत नाही, त्यावरून ओळखला.

अष्टपाद:
तोही उड्या मारणाऱ्यांतलाच! चर्चेचा वेगळा धागा काढा.

विमलताई:
कोळ्यांचं राहू दे, देवघरात पालींचा सुळसुळाट झालाय. अंड्याची टरफलं ठेवून पाहिली. कुणाला गुण आलाय?

आबा_रत्नांग्री:
पालींना निंबोळी तेल.

कुंडीबहाद्दर:
आबा!!
श्रावणसर, तुम्ही काही मारलं तर नाही ना अजून?

श्रावणसर:
काल झुरळांचा स्प्रे मारला. थोडासाच.

कुंडीबहाद्दर:
हे आत्ता सांगताय? खायच्या झाडावर? झाडावर आहेत ती लिंबं टाकून द्या, आणि मुलीला पानांना हात लावू देऊ नका. कोळी राहिला बाजूला, जपायचं होतं त्या स्प्रेपासून.

श्रावणसर:
टाकते. नणंदेला हा धागा पाठवलाय, "जपलेलं बरं" म्हणाली. आत्ता जाऊन बघितलं, ती चिकटवलेल्या पानांत आहे. टोकाला फुंकर मारली तर बाहेर येऊन वळून बघितलं आणि परत आत. मुलगी म्हणते, "आई, तिला भूक लागलीये." काय खाते ही?

अष्टपाद:
माश्या, चिलटं, छोटे किडे. तिचं ती बघेल.

विमलताई:
पालींचं कुणी सांगेल का?