इंजिनिअरिंग कॉलेज निवडताना शिक्षक किती नि कसले, हे कसं बघायचं?

राजारामपुरी_८वी_गल्ली: नमस्कार मंडळी. भाचीला कॉम्प्युटरला घालायचंय, कोल्हापूर नाहीतर सांगली साईडलाच, पुण्याला पाठवायला ताई तयार नाही. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा) भरायचाय. दोन कॉलेज शॉर्टलिस्ट आहेत, दोन्हीकडे सांगतात आमचा रेशो १:२० आहे, म्हणजे २० पोरांमागं एक शिक्षक. प्लेसमेंटचे फ्लेक्स बघून डोकं फिरलंय, शिकवतंय कोण ते कुणीच सांगेना. कसं ओळखायचं?

पन्हाळा_रोड: कॅम्पस बघा, हॉस्टेलचं जेवण बघा, बाकी सगळीकडं सेमच हाय ओ.

लॅब_असिस्टंट_निवृत्त: सेम नाही हो. १:२० हा एआयसीटीईचा, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या परिषदेचा नियमच आहे, आधी १:१५ होता, मग सैल केला. म्हणजे १:२० म्हणणारा काय विशेष सांगत नाही, पास झालो एवढंच सांगतोय. आणि त्याचा अर्थ वर्गात २० पोरं असा नाही, वर्गात साठ-सत्तर असतातच.
आता हिशोब करा. कॉम्प्युटरला १८० सीट असतील तर चार वर्षांची ७२० पोरं, भागिले २०, म्हणजे ३६ शिक्षक पाहिजेत. त्यातही १:२:६ असा केडर रेशो (पदांचं प्रमाण) असतो, म्हणजे ४ प्रोफेसर, ८ असोसिएट, २४ असिस्टंट. खरा घोळ इथं असतोय. ३६ डोकी भरतात, पण वरच्या १२ जागांना पीएचडी आणि अनुभव लागतो, ती माणसं महाग पडतात, मग सगळा गाडा नुकत्याच एमटेक झालेल्या पोरांवर. ती पोरं वाईट शिकवतात असं नाही हां, काही तर लई भारी शिकवतात, पण चांगली नोकरी लागली की सेमिस्टरच्या मध्येच जातात. शिवाय डिप्लोमावाले डायरेक्ट सेकंड इयरला येतात, टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या) जागा वेगळ्या, म्हणून पोरं १८० च्या वरच धरा.

राजारामपुरी_८वी_गल्ली: बापरे. पण हे बघायचं कुठं? विचारलं तर ब्रोशर हातात देतात.

सायबर_चौक: वेबसाईटवर मँडेटरी डिस्क्लोजर म्हणून पीडीएफ असते, टाकावीच लागते. त्यात फॅकल्टीची यादी उघडा आणि जॉइनिंग डेटचा कॉलम वरपासून खालपर्यंत वाचा. माझ्या भावाच्या वेळी एका कॉलेजची (नाव घेत नाही) यादी काढली तर निम्म्या लोकांची तारीख त्याच वर्षीच्या जून-जुलैची, आणि एचओडी सोडला तर पाच वर्षं टिकलेला माणूस शोधावा लागत होता. यादी जुनी आहे का तेही बघा, काहीजण सोडून गेलेल्यांची नावं काढतच नाहीत. एनआयआरएफला (केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला) भाग घेतला असेल तर ती पीडीएफ पण साईटवर असते, त्यात प्रत्येक शिक्षकाचं क्वालिफिकेशन, अनुभव नि रेग्युलर का कंत्राटी ते येतंय.

उद्यमनगर_एक्स_स्टुडंट: अजून एक. एआयसीटीईनं २०२४ पासून चांगल्या कॉलेजांना सीटची मर्यादा काढून टाकली, त्यामुळं कॉम्प्युटर नि एआयच्या सीट भराभर वाढल्यात. सीट कागदावर वाढतात भावा, प्रोफेसर रातोरात कुठनं आणणार? म्हणून मागच्या दोन वर्षांत किती सीट वाढल्या आणि किती शिक्षक वाढले, एवढं नक्की विचार.

पन्हाळा_रोड: मेकॅनिकलचे सर कॉम्प्युटरला पायथन शिकवतात ते पण यादीत दिसतंय काय? 😂

लॅब_असिस्टंट_निवृत्त: हसू नका, दिसतंय! डिपार्टमेंटच्या बाहेर नोटीस बोर्डवर टाईमटेबल लावलेलं असतं, विषयापुढं शिक्षकाची आद्याक्षरं. फोटो काढा नि यादीशी जुळवा. यादीत ३६ आणि बोर्डावर फिरून फिरून तीच १५-१६ आद्याक्षरं असतील तर समजून जा. प्रॅक्टिकलच्या बॅचला कोण आहे तेही बघा, बरेचदा तिथं लॅब असिस्टंटच सांभाळून घेतो, मी स्वतः सांभाळलंय.

राजारामपुरी_८वी_गल्ली: हे भारी सांगितलंत काका. उद्याच पीडीएफ काढते नि ताईला घेऊन दोन्हीकडं जाऊन येते.

सायबर_चौक: गेलाच तर सेकंड-थर्ड इयरच्या पोरांना कँटीनमध्ये गाठा, ऑफिसात नको. आणि फॉर्म भरताना पहिला ऑप्शन विचार करून टाका, तिथं नंबर लागला की ऑटो फ्रीज होतंय, म्हणजे तीच सीट आपोआप पक्की, मग प्रवेशाच्या पुढच्या राऊंडला जाता येत नाही.

लॅब_असिस्टंट_निवृत्त: शनिवारी जाऊ नका, दुपारनंतर कोण भेटत नाही.