व्हिडिओ पाहिले जातात, पण काम मिळत नाही

प्रश्न: मी पुण्यात घरून पुस्तकांची अक्षरजुळणी करते. चार महिन्यांत यूट्यूबवर अकरा शॉर्ट्स, म्हणजे छोटे उभे व्हिडिओ, टाकले. एकाला नऊ हजार व्ह्यूज आले, पण प्रकाशक एकही आला नाही. वर्णनात माझ्या कामाच्या नमुन्यांची लिंक आहे. काय चुकतंय?

उत्तर: ताई, ३१ ऑगस्ट २०२३ पासून यूट्यूबवर शॉर्ट्सच्या वर्णनातली आणि कमेंटमधली लिंक दाबून उघडतच नाही. चॅनलच्या पानावर लिंक द्या.

उत्तर: मी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणून देतो. मला पहिलं काम मिळालं ते सहा मिनिटांच्या साध्या व्हिडिओवरून. त्यात माझा चेहराही नव्हता, फक्त एक पान. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून रूपांतरात ‘मिळाला’चं ‘िमळाला’ होतं. ती वेलांटी मी स्क्रीनवर मोठी करून दुरुस्त करून दाखवली. दहा दिवसांनी एका संपादकांचा निरोप आला: ‘आमच्या तीनशे पानांत हेच झालंय.’ व्ह्यूज तेव्हा दोनशेसुद्धा नव्हते! शीर्षकात स्वतःचं कौशल्य नको, प्रकाशकांची अडचण लिहा. आणि दुसऱ्याचं पान दाखवायचं तर आधी विचारा, हे फार महत्त्वाचं.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. माझे सगळे व्हिडिओ मुखपृष्ठांचे होते. आता तळटीप पुढच्या पानावर पळते ती कशी आवरायची, ते दाखवते. रविवारी रेकॉर्ड करते.