एसबी ४०३ : कायद्यात 'जात' हा शब्द लिहायलाच हवा होता

बे-एरियावाला :
७ ऑक्टोबर २०२३ला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी एसबी ४०३ हे विधेयक नाकारलं. सिनेटर आयशा वहाब यांच्या विधेयकाची मागणी केवढी होती? भेदभावबंदीच्या कायद्यात 'पूर्वजांचं कूळ' या सदरात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहा, एवढीच. त्यासाठी कार्यकर्ते राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, उपोषणाला बसले होते. गव्हर्नर म्हणाले, असा भेदभाव आधीच बेकायदा आहे, वेगळ्या कायद्याची गरज नाही.

मला हे पटत नाही. शब्द कायद्यात नसला की एचआरपुढे बसलेल्या तक्रारदाराला आधी जात म्हणजे काय ते शिकवावं लागतं, आणि त्यातच तो थकतो. सिअॅटलने फेब्रुवारी २०२३मध्ये हा शब्द लिहिला. आपल्या राज्याने का कचरावं?

दोन पोरींची आई :
माझा ठाम विरोध. माझ्या मुली इथे जन्मल्या. थोरलीला शाळेत भारतावरचा धडा झाल्यावर वर्गातल्या मुलाने विचारलं, "तुझी जात कोणती?" आमच्या घरात हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. कायदा सगळ्यांसाठी असं म्हणायचं, पण बोट कोणाकडे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे. सिस्को कंपनीत एका दलित इंजिनिअरशी जातीवरून भेदभाव झाला म्हणून राज्याने भरलेल्या खटल्यात दोन आरोपी इंजिनिअरांची नावं २०२० पासून जाहीर झाली. एप्रिल २०२३मध्ये राज्यानेच त्यांच्यावरचे आरोप मागे घेतले. मधली तीन वर्षं त्यांना कोण परत देणार?

भीमथडी :
ताई, तुमच्या मुलीला तो प्रश्न विचारला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात विचारला गेला, आणि विचारणारा माझा मॅनेजर मराठीच होता. आधी "आडनाव काय?" मग "गाव कोणतं?" मग "तसं नाही, म्हणजे तुम्ही कोण?" सांगितलं. पुढच्या सोमवारपासून डबा खायला हाक मारणं बंद. गणपतीला अख्ख्या टीमला बोलावणं होतं, मला नव्हतं.

हे २०१८ सालचं. तक्रार केली नाही, कारण मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर होतो आणि ग्रीन कार्डची फाइल त्याच्याच शिफारशीवर पुढे सरकणार होती. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बायको-मुलासह परत. त्या ६० दिवसांपुढे कुणाचं तोंड उघडतं?

आणि त्या दोन इंजिनिअरांवरचे आरोप मागे घेतले, कंपनीवरचा दावा तेव्हा मागे घेतलेला नव्हता. हेही लिहायला हवं होतं.

एडिसनकर :
कायद्याने मनं बदलत नाहीत. आपल्या मंडळांनी १४ एप्रिल साजरा करावा, एकत्र जेवावं. कोर्टकचेरीने माणसं आणखी दुरावतील.

बे-एरियावाला :
एकत्र जेवायला कोणाची हरकत आहे? आमच्या मंडळात गेली सहा वर्षं १४ एप्रिलचा विषय "पुढच्या बैठकीत घेऊ" म्हणून राहतोय. शिवाय ही चर्चा आजची नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी १९०९मध्ये, अमेरिकेत शिकत असताना, लिहून ठेवलं होतं की हिंदू परदेशी गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १९१६मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी आपल्या निबंधात तेच वाक्य उद्धृत केलं. शंभर वर्षांहून जास्त काळ आपण मनं बदलायची वाट पाहतोय, एडिसनकर.

दोन पोरींची आई :
भीमथडी, डब्याचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. त्या शब्दाला माझा विरोध अजूनही आहे, माझ्या मुलींच्या कपाळी तो यायला नको. पण माणसाचा व्हिसा एका मॅनेजरच्या मर्जीवर असणं हा अन्याय आहे. ६० दिवसांची मुदत वाढवण्यासाठी सह्या गोळा करत असाल तर माझी घ्या. आमच्या गल्लीतल्या आणखी चार घरांच्या मी आणते.

भीमथडी :
नक्की घेतो, ताई. शब्दाची मागणीही सोडत नाही. कॅलिफोर्नियातल्याच फ्रेस्नो शहरात पंजाबी रविदासिया (संत रविदासांना मानणारी) मंडळी पाठीशी उभी राहिली आणि सप्टेंबर २०२३मध्ये शहराच्या नियमांत तो आला. आम्ही आमच्या शहरात मागणार आहोत. सुनावणीला तुम्ही विरोधात बोलायला आलात तरी चालेल, पण या.