वांग, काळे डाग आणि हातोहात फिरणारी ती ट्यूब: तुमचा अनुभव लिहा

गेल्या महिन्यात पंचवटीत मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. कुंकू लावता लावता एका काकूंनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "वांग आलेत गं तुला. थांब, माझ्याकडे औषध आहे," म्हणत त्यांनी पर्समधून अर्धी पिळलेली ट्यूब काढून माझ्या हातात ठेवली. मी ती ओळखली. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनींनी मला हीच दिली होती. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आधी माझं सांगते. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उमटले. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे बऱ्याच जणींना असं होतं, आणि अनेकींचे डाग बाळंतपणानंतर आपोआप फिके होतात. माझे झाले नाहीत. मग ती ट्यूब आली. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मीच चार जणींना तिचं नाव सांगितलं. याचं मला आजही वाईट वाटतं. चार महिन्यांनी ट्यूब संपली आणि दोन दिवस आणायची राहिली, तर चेहरा लालबुंद. पाणी लावलं तरी आग. गालांवर दोऱ्यासारख्या लाल शिरा, हनुवटीवर लव, कपाळभर पुरळ.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं स्टिरॉइड. त्या म्हणाल्या, "हे औषध वाईट नाही, मीही देते. पण मोजक्या आठवड्यांसाठी, आणि मधून मधून चेहरा बघून." त्वचा शांत व्हायला आठ महिने गेले. त्यानंतर कुठे मूळ डागांवर उपचार सुरू झाले.

लिहिताना एवढं जरूर सांगा: डाग नेमका कुठे होता, तो कसला आहे हे कुणी सांगितलं, फरक पडायला किती दिवस लागले आणि काय बिघडलं. क्रीमच्या कंपनीचं नाव नको, आतल्या औषधाचं लिहा.

दिंडोरीहून, द्राक्षबागेतली

ताई, आमच्याकडे दर दुसऱ्या बाईच्या गालाच्या हाडावर हे डाग आहेत. एप्रिलची खरड छाटणी म्हणजे ऊन डोक्यावर. आम्ही स्कार्फ बांधतो, पण तो पातळ, आणि डोळ्यांखालचा भाग तर उघडाच. मला वाटायचं, रापलोय, त्यात काय. नाशिकला दाखवलं तेव्हा कळलं की हे रापणं नाही, वांग आहेत. डॉक्टरांनी काळ्या खोलीत निळसर दिव्याखाली चेहरा पाहिला. रंग वरच्या थरात आहे की खोल उतरलाय, याचा त्यातून अंदाज येतो म्हणे. माझा बराचसा वरच होता.

औषध साधं होतं: रात्री ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन. ते सुद्धा त्वचेच्या रंगाचं, आयर्न ऑक्साइड असलेलं, कारण नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात. दोन बोटांवर लांब रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. सकाळी सातला लावलं की दहाला परत, जेवणानंतर परत. घामाच्या चेहऱ्यावर आधी रुमाल टिपायचा, मग लावायचं. सोबत रुंद काठाची टोपी. पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही, सहाव्या महिन्यात निम्मे उतरले. ऑक्टोबर छाटणीनंतर थिनिंगच्या गडबडीत तीन आठवडे सगळं सुटलं आणि डाग होते तसे परत आले. तेव्हा शेतातच रडू आलं मला. आता सनस्क्रीन पाण्याच्या कॅनशेजारी ठेवते आणि बरोबरच्या बायकांनाही लावायला लावते.

नाशिक-पुणे गाडी चालवणारा

पुरुषांनाही होतं, कुणी बोलत नाही एवढंच. माझ्या उजव्या गालावर जास्त आहे, खिडकीच्या बाजूला. काच बंद असली तरी काही किरण आत येतात, हे डॉक्टरांकडूनच पहिल्यांदा ऐकलं. सनस्क्रीन डॅशबोर्डवर ठेवत होतो, ते उन्हात तापून खराब होतं. आता डब्याच्या पिशवीत असतं.

सिडकोतून, एका मुलाची आई

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात घरात चिकुनगुनिया झाला. मुलगा एकोणीस वर्षांचा. ताप उतरला, सांधे धरलेले होतेच, आणि तीनेक आठवड्यांनी त्याचं नाक काळं पडायला लागलं. नुसतं नाक! कुणी म्हणालं लिव्हर तपासा, कुणी म्हणालं दृष्ट काढा. पोरगा कॉलेजला जाईना, मास्क काढेना. त्वचेच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर पहिला प्रश्न केला, "ताप कधी येऊन गेला?" चिकुनगुनियानंतर नाकावर आणि गालांवर असा काळेपणा येतो, त्यांच्या ओळखीचं लक्षण होतं ते. सनस्क्रीन, एक सौम्य क्रीम आणि धीर, एवढंच दिलं. पाच-सहा महिन्यांत गेलं. घाबरून त्याच्या नाकावर कुठलीतरी जळजळीत क्रीम चोळली नाही, याचं समाधान आहे.

कॉलेज रोड

माझं थोडक्यात. लिंबाचा रस चेहऱ्याला लावला, नीट धुतला नाही, आणि भर दुपारी स्कूटरवर त्र्यंबक रोडला गेले. दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखं झालं, मग रस जिथे ओघळला होता तिथे काळा ओघळ. लिंबात असा घटक असतो जो उन्हाशी मिळून कातडी पोळवतो. जायला चार महिने लागले. लिंबू लावू नका, मुलींनो.

नाशिक रोडहून, वय ६२

माझा डाग कपाळाच्या मधोमध, कुंकवाएवढा. आधी नुसती खाज. मग करडा-काळा गोल, कडा पसरट. वांगावरची औषधं दोन वर्षं लावली, काही उपयोग नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी तपासलं. कुंकवातल्या रंगाची ॲलर्जी निघाली, आणि केसांच्या काळ्या डायचीही. कानांजवळ जी काळसर झाक होती ती डायची, हे तेव्हा उमगलं. खाज थोडी आणि काळेपणा जास्त, म्हणून ॲलर्जी कुणाच्या लक्षातच येत नाही.

डाय सोडणं सोपं गेलं. कुंकू सोडणं नाही. चाळीस वर्षं आरशासमोर पहिला हात करंड्याकडे जात होता. वटपौर्णिमेला बायका माझ्यापाशी येऊन थबकायच्या. शेवटी यजमानच एकीला म्हणाले, "तिला त्रास होतो, हातावर लावा." आता हातालाही नको म्हणते, करंड्यालाच बोट लावून नमस्कार करते. दीड वर्षात डाग बराच फिका झाला आहे.

मेडिकलवर काम करणारा

वर लिहिलेली ती ट्यूब मी विकली आहे. रिकामं खोकं दाखवायचे, मी नवीन द्यायचो. २०१८ मध्ये सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असं केलं. तोवर मलाही ती साध्या क्रीमसारखीच वाटायची. आता चिठ्ठी मागतो. रोज वाद होतात, गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं. तुमचा धागा आमच्या काउंटरजवळ वाचून दाखवावासा वाटतो.

इंदिरानगर

माझी मुलगी चौदा वर्षांची. मान काळी, मग कपाळाच्या कडाही काळवंडल्या. मला वाटलं नीट धूत नाही. मी तिची मान बेसनाने घासली, मग दगडाने. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि मी म्हणायचे, मळ आहे, निघेल. तो मळ नव्हताच. त्वचा मखमलीसारखी जाड झाली होती. डॉक्टरांनी चेहऱ्याचं औषध लिहिण्याआधी वजन, पाळी आणि घरातली साखर विचारली. माझ्या आईला मधुमेह आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मानेवर, काखेत असा काळेपणा येतो, असं त्यांनी समजावलं. घासण्याने तो वाढतोच. रक्त तपासलं. आता आम्ही दोघी रोज संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चालतो. मी तिची माफी मागितली आहे. मान अजून काळी आहे, पण कमी.

गंगापूर रोड

दोन गोष्टी. लग्नाआधी एका ठिकाणी लेझरचं पॅकेज घेतलं. डाग कसला आहे ते कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या बैठकीनंतर होते त्याहून गडद डाग पडले. आपल्या सावळ्या त्वचेवर लेझरच्या उष्णतेने असं होऊ शकतं, हे नंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे कळलं.

दुसरी अधिक महत्त्वाची. मग त्यांनी ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या द्यायचं ठरवलं आणि विचारलं, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, तू कुठल्या गोळ्या घेतेस? आई सोबत होती, म्हणून गर्भनिरोधक गोळ्यांचं मी लपवलं. घरी येऊन भीती वाटली आणि फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या थांबवल्या. दोन्ही मिळून गुठळीचा धोका वाढतो, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही वांग येऊ शकतात. डॉक्टरांपासून काही लपवू नका. आईला बाहेर बसायला सांगा हवं तर.

धागा काढणारी, पुन्हा

सगळं वाचून काल काकूंकडे गेले. त्यांचे गाल मला साखरपुड्यात गुलाबी वाटले होते. जवळून पाहिलं तर त्याच लाल शिरा. नऊ वर्षं लावतायत. ट्यूब बाहेर फेकायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली की काय होतं ते मी भोगलं आहे, डॉक्टर सांगतील तशीच कमी करायची. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे. सोबत मी जाणार. ट्यूब खोक्यासकट घेऊन यायला सांगितलं आहे.