प्रति: आराखडा बदलला म्हणजे प्रकल्प बुडाला?

'तिसऱ्यांदा आराखडा बदलला, म्हणजे टॉवर बारगळलाच' असं वर म्हटलंय. मला ते घाईचं वाटतं. आर्किटेक्टला अजून कुणीतरी पैसे देतंय, एवढाच त्याचा अर्थ. मी तरी चित्रं बघत नाही, बांधकामाचं कर्ज मिळालं का ते बघतो.

अमेरिकेतल्या शिकागोत आखलेल्या ‘शिकागो स्पायर’ या उंच टॉवरचंच घ्या. २००५ मध्ये आर्किटेक्ट कालात्राव्हांनी ११५ मजले दाखवले. पुढे विकासक बदलला, आराखड्यातलं हॉटेल गेलं, मजले १५० झाले आणि उंची २,००० फूट. २००७ मध्ये काम सुरू, २००८ च्या मंदीत ठप्प. उरला नदीच्या मुखाशी ७६ फूट खोल, गोल खड्डा. (एवढी सुबक विहीर आमच्या गावातही नाही!)

त्याच जागेसाठी २०१८ मध्ये दुसऱ्या विकासकाने दोन टॉवर मांडले, पुन्हा हॉटेलसकट. तिथल्या नगरसेवकाने अडवलं. मग हॉटेल वगळलं, उंची उतरवली, २०२० मध्ये मंजुरी मिळाली. तरी पहिल्या टॉवरचं काम सुरू व्हायला २०२४ उजाडलं, कारण कर्ज जमत नव्हतं. आराखडा तर केव्हाच तयार होता.