मदत हवी आहे: पत्र्याच्या घरात पहाटेची थंडी, सासूबाईंसाठी ऊब, बजेट अडीच हजार

गुलबक्षी

नमस्कार मंडळी. "मुंबईत कसली आलीये थंडी" असं लिहायला हात शिवशिवत असतील तर आधी पुढचं वाचा, मग लिहा.

आम्ही मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. भाड्याचं बैठं घर, एकामागे एक दोन खोल्या, पुढची झोपायची, मागची स्वयंपाकाची. वर सिमेंटचा पत्रा. डोंगर मावळतीकडे, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ऊन लवकर पळतं आणि रात्री डोंगरावरून गार हवा खाली उतरते. पत्र्याच्या लाटा आणि भिंत यांच्यामध्ये मूठ जाईल एवढ्या फटी आहेत. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब धरतात आणि अंथरुणावर टपकतात.

मी, नवरा, मुलगी निभावून नेतो. प्रश्न सासूबाईंचा आहे. वय ७६, जुना मधुमेह, पायांची बोटं बधिर, गुडघे धरलेले. दिवाळीनंतर गावाहून आमच्याकडे आल्या. गाव माण तालुक्यात, तिकडे थंडी इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण ते घर धाब्याचं, भिंती हातभर जाड. "तिकडं थंडी दाराबाहेर असायची, हितं पांघरुणात येऊन बसतीय," असं म्हणतात. पहाटे चारनंतर त्यांना झोप नाही, उठून बसतात.

मालक पत्र्याला हात लावू देत नाहीत. मीटर त्यांचाच, आम्हाला पोटमीटर आणि युनिटचा दर ते सांगतील तो. घरात पंधरा अँपिअरचा प्लग नाही. नवरा म्हणतो एक हीटर घेऊन टाकू, मला ते पटत नाहीये. अडीच हजारांत काय काय होईल?

तिसरा मजला

आम्ही दादरला अजून पंखा तीनवर ठेवून झोपतो. :)

जुना पार्लेकर

तिसरा मजला, दादरला समुद्र हाकेवर आहे, पंखा लावालच. रात्री समुद्र जमिनीइतका गार होत नाही, त्यामुळे कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांच्या किमान तापमानातही बरेचदा चांगला फरक पडतो. डोंगराकडची वस्ती त्याहून गार. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. त्याच थंडीत कुलाब्याला ११.७. आणि ही आकडेवारी सावलीतल्या हवेची असते. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाला देऊन मोकळा होतो आणि हवेपेक्षाही गार पडतो. गुलबक्षी यांच्याकडे पाणी धरतंय ते म्हणूनच. त्यांची थंडी खरी आहे.

वायरमन दादा

ताई, हीटर नको. तुमचं मन बरोबर सांगतंय.

साधा हीटर २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. तुमच्या घरातले प्लग पाच-सहा अँपिअरचे. लोक काय करतात, पिनेला कन्व्हर्टर लावतात नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डावर चालवतात. मग बोर्ड पिवळा पडतो, वास येतो, आणि एके रात्री वायर पेटते. मी असे जळके बोर्ड पोत्याने बदललेत.

आता बिलाचा हिशोब. दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट. रात्री पाच तास चालवला तर दहा युनिट, महिन्याला तीनशे. थेट कनेक्शन असतं तरी वरच्या स्लॅबमध्ये गेला असता, तुमचा तर पोटमीटर. आणि एवढं करून गरम हवा जाणार वर, पत्र्याला भिडणार आणि फटीतून बाहेर. तुम्ही डोंगर तापवत बसणार.

दुसरं, कोणी सांगेल की कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवा, गावाकडे ठेवतात. अजिबात ठेवू नका. निखारे लाल दिसले, धूर नसला, तरी कार्बन मोनॉक्साइड सुटत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपेतच माणसं जातात. गॅसची शेगडी ऊब म्हणून चालू ठेवणं हेही त्यातलंच.

गुलबक्षी

धन्यवाद दादा, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. "डोंगर तापवत बसणार" यावर गप्प झाला. शेगडीचं आईंच्याही डोक्यात होतं, तेही बारगळलं.

मग खोली सोडून देऊन नुसता पलंग उबदार करता येईल का?

भरतकाम

हाच खरा मार्ग. खोली तापवायची नाही, माणूस तापवायचा.

आई पलंगावर झोपतात की खाली? खाली झोपत असतील तर आधी वर घ्या. लादी अंगातली ऊब ओढून घेते, वरून कितीही पांघरा. पलंग असेल तर त्याच्याखाली काय आहे ते बघा. लोखंडी पट्ट्यांचा असेल तर गादीच्या खालून गार हवा फिरते. जाड पुठ्ठे किंवा जुनी सतरंजी दुहेरी करून पट्ट्यांवर घाला, मग गादी.

गादी कापसाची आहे का? दाबून दाबून चपटी झाली असेल तर ऊब राहत नाही, कारण ऊब धरतो तो कापसात अडकलेला वारा. पिंजून घ्या. मुलुंड-भांडुपच्या गल्ल्यांतून पिंजारी अजून फिरतात, खांद्यावर ती तारेची धनुकली घेऊन. टण्‌ टण्‌ आवाज आला की बाहेर जाऊन थांबवायचं. दारातच पिंजून, खोळीत भरून, टाके घालून देतात. नवी गादी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. फक्त पिंजताना आईंना आणि मुलीला आत बसवा, कापसाची धूळ फार उडते.

पांघरायला एक जाड ब्लँकेट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले. अंगालगत मऊ जुन्या सुती साडीची गोधडी, वर सोलापुरी चादर, आणि मिळाली तर सगळ्यात वर घोंगडी. घोंगडी अंगाला टोचते म्हणून खाली नाही घ्यायची. माणातल्या आहेत म्हणजे गावाकडे एखादी घोंगडी नक्की असेल, कोणी येणार असेल तर मागवा. इथे विकत घेऊ नका, शुद्ध लोकरीची म्हणून काहीही गळ्यात मारतात.

आणि मच्छरदाणी. डोंगराजवळ डास असणारच, म्हणजे दाणी असेलच. तिच्या माथ्यावर एक चादर पसरा. बाजू मोकळ्या सोडा. गार पत्रा आणि अंथरूण यांच्यात आडोसा झाला की फरक लगेच कळतो. थेंबही अंगावर येत नाहीत.

गुलबक्षी

मच्छरदाणीचं किती सोपं आहे, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! गादी कापसाचीच आहे, लग्नातली, भाकरीसारखी चपटी झालीये.

आणखी एक. फटी बुजवू का? पत्र्याखालच्या आणि दाराखालच्याही. चिंध्या भरपूर आहेत.

कांदेपोहे

सगळ्या बुजवा, सेलोटेप मारा. आणि पत्र्याखाली थर्माकोलच्या शीट्स लावून टाका, आमच्या शेजाऱ्यांनी लावल्यात, उन्हाळ्यातही गार राहतं.

वायरमन दादा

कांदेपोहे, थर्माकोल सांगू नका हो. एक ठिणगी पुरे. भराभर पेटतो, वितळून खाली ठिबकतो आणि धूर विषारी. शेजारच्या खोलीत गॅस आहे त्यांच्या.

ताई, फटींबद्दल नीट ऐका. झोपायच्या खोलीत उशाकडच्या भिंतीवरच्या फटी बुजवा, जिथून थेट अंगावर वारा येतो. उरलेल्यांपैकी एक-दोन तशाच ठेवा, चार माणसांच्या श्वासाला हवा लागते. मागच्या खोलीला मात्र हात लावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, खाली लादीवर पसरतो आणि दाराखालच्या फटीतूनच बाहेर पडतो. तिथे चिंध्या कोंबल्या तर सिलिंडरची खोली म्हणजे पेटी झाली. दोन खोल्यांमधल्या दाराला जाड पडदा लावा, मागचं दार खाली मोकळं राहू द्या. रात्री रेग्युलेटरचं बटण बंद करायचंच.

सिस्टर पी

मी वॉर्डात काम करते म्हणून एक कळकळीचं. पायांची बोटं बधिर आहेत असं लिहिलंय. मग गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी देऊ नका. त्यांना चटका कळणार नाही. सकाळी फोड दिसेल, आणि मधुमेहात पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पिशवी वापरायचीच तर झोपायच्या आधी अर्धा तास रिकाम्या पांघरुणात ठेवा आणि आई आत शिरल्या की काढून घ्या. विजेच्या ब्लँकेटचं तेच. ते साधारण शंभर वॅटच्या आसपास असतं, त्यामुळे बिलाची भीती नाही, पण आधी अंथरूण गरम करायचं, मग बंद, प्लग काढलेला. शेकोटीला किंवा गरम पाण्यात पाय धरू देऊ नका. अंघोळीच्या पाण्यात आधी तुम्ही कोपर घालून बघा.

मोजे लोकरीचे किंवा सुती, इलास्टिक सैल. घट्ट मोज्यांचा वळ उठत असेल तर ते नकोत. रोज रात्री मोजे काढून तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

बैठं घर म्हणता म्हणजे संडास बाहेर असणार. म्हातारी माणसं रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, ते विचारून घ्या, सांगणार नाहीत आपणहून. उशाशी शाल, कानटोपी आणि मागून पट्टा असलेल्या चपला ठेवा. पांघरुणातून उठून एकदम बाहेर जायचं नाही, दोन मिनिटं पलंगावर बसायचं. कधी खूप सुस्त वाटल्या, बोलणं अडखळलं, पोट हाताला गार लागलं, तर थंडी आहे म्हणून पांघरूण घालून झोपवू नका. डॉक्टर गाठा. साखरही तपासा, ती खाली गेली तरी असंच होतं.

गुलबक्षी

सिस्टर, तुम्ही घरात येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंय. पाणी खरंच पीत नाहीत संध्याकाळनंतर. आज विचारलं तर "कुणाला उठवायचं रातीचं" म्हणाल्या. आता मुलगी त्यांच्या शेजारी झोपणार आहे, तिला कुठल्याही वेळी उठायला आवडतं.

भरतकाम

खाण्याचंही बघा. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, रात्री गरम कढण किंवा कुळथाचं पिठलं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करतो ती काय उगीच नाही. डिंकाचे लाडू मधुमेहात नकोत, गूळ असतो. त्यांना तीळ-जवसाची चटणी द्या.

गुलबक्षी

(धागा वर काढतेय, काय काय केलं ते सांगायला)

पिंजारी मिळाला. रविवारी सकाळी आवाज आला आणि मी पिठाच्या हाताने धावले. गादी आता दुप्पट उंच झालीये, मुलगी तिच्यावर उड्या मारून घेते. खोळ नवी घातली. निम्मं बजेट त्यातच गेलं, पण हा खर्च सगळ्यात कामाला आला.

गोधडीसाठी आईंनी स्वतःची दोन जुनी नऊवारी काढून दिली. मला वाटलं होतं त्यांना जिवावर येईल. उलट दोरा कुठला, टाका किती लांब, यावर रोज दुपारी दारातल्या उन्हात बसून माझी शाळा घेतायत. दक्षिणेकडची भिंत आहे त्या बाजूला दुपारी छान ऊन येतं, अंथरूणही तिथेच वाळवते आणि चारच्या आत उचलते, नंतर दमट लागतं. पलंगाखाली पुठ्ठे घातले, फ्रीजच्या दुकानात फुकट मिळाले. मधल्या दाराला जुनी सोलापुरी चादर पडदा म्हणून. उशाकडच्या फटी बुजवल्या, बाकी दादांनी सांगितलं तसं. विजेचं ब्लँकेट घेतलं नाही, रबरी पिशवी आधी अर्धा तास ठेवते.

परवा आई सहापर्यंत झोपल्या.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. मच्छरदाणीवरची चादर सकाळी ओली होते. रोज वाळवायची म्हणजे कटकट. पत्र्याला पाणी धरणं कमी कसं करू?

जुना पार्लेकर

ते पाणी पावसाचं नाही, तुमच्याच घरातलं आहे. श्वास, रात्रीचा स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे. ओली हवा गार पत्र्याला लागली की पाणी होतं. रात्री खोलीत कपडे वाळत घालता का? ते बंद करा. स्वयंपाक होईपर्यंत मागचं दार आणि वरची फट उघडी, मधला पडदा ओढलेला. डाळ-भात कुकरमध्ये लावा, उघड्या पातेल्यात रटरटत ठेवू नका.

शिवाय पावसाळ्यात घातलेली ताडपत्री काढून ठेवली असेलच. मालकांना विचारून तीच वरून परत टाका. पत्रा थेट आकाशाकडे तोंड करून राहणार नाही, थोडा कमी गार पडेल. तुम्ही पत्र्याला हात लावत नाही, फक्त पांघरूण घालताय, त्याला ते नाही म्हणणार नाहीत. कडेला विटा ठेवा, दोरीने बांधा.

गुलबक्षी

कपडे आतच वाळतात, मुलीचा शाळेचा गणवेश सकाळी लागतो म्हणून. आता संध्याकाळी धुण्याऐवजी शाळेतून आल्या आल्या धुवून बाहेर टाकेन. ताडपत्री माळ्यावर आहे, मालकांना उद्या विचारते. नवऱ्याला वर चढायला लावायचं आहे, तो हीटरबद्दल अजून रुसलेला आहे, पण चढेल.

वायरमन दादा

पत्र्यावर सरळ पाय देऊ नका म्हणावं. सिमेंटचा पत्रा जुना झाला की माणसाच्या वजनाने फुटतो. खालून शिडी लावून काठीने पसरवा, नाहीतर आडव्या फळीवर बसून. आणि वायर पत्र्यावरून गेली असेल तर आधी मेन स्विच बंद.