कानात फोन असला म्हणजे गाडी चालवताना बोलायला हरकत नाही?

चक्रधर:
काल गाडीत ऑफिसचा फोन आला. ब्लूटूथवर घेतला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. बोलणं संपलं तेव्हा कळलं की वळायचं होतं ते वळण कधीच मागे पडलंय. मधले दोन सिग्नल हिरवे होते की लाल, देवाशपथ आठवत नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: फोन हातात असो की कानात, गाडी चालवताना बंदच हवा.

रोजचा प्रवासी:
अतिरेक होतोय. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतोच ना? मग त्याच्याही तोंडाला पट्टी लावा. वळण फोनमुळे नाही, वेंधळेपणामुळे चुकलं. (हलके घ्या.)

मोजपट्टी:
शेजारच्याला रस्ता दिसतो हो. समोर ट्रक आडवा आला की तो आपसूक गप्प होतो, नाहीतर "अरे अरे, सांभाळ" म्हणून ओरडतो. फोनवरचा मात्र नेमकं तेव्हाच विचारतो, "मग पैसे कधी देतोस?" १९९७ साली टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि टिबशिरानी या संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनबिलं तपासली होती. फोन चालू असताना धडक होण्याचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे असलेल्यांना त्यातून काही सूट मिळालेली दिसली नाही.

रोजचा प्रवासी:
बिलावरून नेमकी वेळ कशी कळणार? धडकेच्या आधी बोलत होता की धडकल्यावर घरी कळवत होता? त्यापेक्षा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने गाड्यांतच कॅमेरे बसवून पाहिलं. ट्रकचालक मेसेज टाइप करत असताना अपघाताचा किंवा थोडक्यात हुकलेल्या अपघाताचा धोका २३ पट. पण हॅन्ड्सफ्रीवर नुसतं बोलण्याने धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे घात करते ती हटलेली नजर. माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

मोजपट्टी:
वेळेचा मुद्दा रास्त. टोरांटोच्या संशोधकांनाही तो माहीत होता, म्हणून धडकेच्या वेळेची पडताळणी केली होती. मेसेजबद्दल तर वादच नाही. त्याच कॅमेऱ्यांत सहा सेकंदांपैकी साडेचारहून जास्त सेकंद नजर फोनवर होती. ताशी ८० च्या वेगात तेवढ्यात शंभर मीटर मागे पडतात. बोलण्याचं म्हणाल तर डोळे उघडे असून न दिसणं हाही प्रकार आहेच की. चक्रधरांचे दोन सिग्नल कुठे गेले मग?

दुचाकीवाला:
तुम्हा गाडीवाल्यांची चैन आहे. मी घरपोच सामान पोहोचवतो. फोन हॅन्डलला लावलेला. ऑर्डर वाजली की घ्यायला मोजके सेकंद मिळतात, चुकली तर दुसऱ्याला जाते. टिंग झालं की अंगठा आधी पुढे जातो, डोकं मागून येतं. एकदा असाच अंगठा स्क्रीनवर असताना पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला. तिचा मागचा दिवा माझ्या चाकाने फुटला. चूक माझीच, पैसे भरले. पण ज्या अ‍ॅपने चालत्या गाडीवर टिंग केलं, त्याला कोण विचारणार? उभा असतानाच ऑर्डर दे म्हणावं. गाडी पळतेय की थांबलीय हे त्याला कळतं, ग्राहकाला माझा ठिपका सरकताना दिसतोच की.

रोजचा प्रवासी:
हे पटलं. इथे मी बंदीच्या बाजूने, पण अ‍ॅपवर.

चक्रधर:
मी तर आजपासून फोन डिकीत टाकतोय. नकाशा निघण्याआधीच बघून घ्यायचा.

दुचाकीवाला:
टाका साहेब. मी टाकला तर ऑर्डर डिकीतच वाजत बसेल.